विसाव्या दिवशी अंडं बोलतं

११ जानेवारी

ट्रंककॉलने आजही अंडं घातलं आणि आजही हूं की चूं केलं नाही! खुराड्यात हात घातला, अंडं गरम लागलं, म्हणून कळलं. एरवी ही बया एक अंडं घालून पाव तास सगळ्या गल्लीला सांगत सुटायची.

माझ्या बायकोला, हिला, जाऊन आज महिना झाला.

हिच्याच वहीत मागच्या बाजूने लिहितोय. पुढची पानं हिने कोंबड्यांच्या आवाजांनी भरली आहेत— कुठला आवाज कधी, कशासाठी, कोणाला. इतकी वर्षं ही वही फडताळात होती, मी कधी उघडली नाही. हिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली, कानाला सवयच तशी. कोंबड्यांची नावंही तिथलीच. ओरडून जगाला सांगणारी ती ट्रंककॉल. दुसरीच्या जागेत जाऊन बसणारी ती राँगनंबर. आणि वर्षातले सहा महिने अंड्यांवर खुडूक बसून असणारी, जवळ गेलं की फुगून गुरगुरणारी, ती एंगेज. कोंबडा एकच— सुपरवायझर. "काम काडीचं नाही, नुसता आवाज," असं ही म्हणायची आणि माझ्याकडे बघायची.

१४ जानेवारी

मुलीचा फोन. फोन बिघडलाय, नीट काही ऐकू येत नाही. तिचा आवाज हिच्यासारखाच बारीक, त्यात घाई. "बाबा, मी ओरडतेय इथे!" म्हणाली. यंत्रच बाद झालं तर ओरडून काय होणार!

एवढं मात्र कळलं— पुन्हा तेच विचारत होती. आई शेवटी काही बोलली का? ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी म्हटलं, नाही गं. काही नाही बोलली.

खरं तेच सांगितलं. ओठ हलत होते हिचे. बराच वेळ. पण आवाज फुटत नव्हता. मी हात धरून बसलो होतो, पार तोंडाशी वाकलो होतो. नुसते ओठ. दवाखान्यातली नर्स पायाशी उभी होती, तिने डोळे पुसले. रोज माणसं जाताना बघणारी परकी बाई, तिला रडू आलं आणि मी आपला कोरडा. दुनियेचे फोन जोडून देणारी बाई बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर माझ्याशी एक शब्द न बोलता गेली. राग येतो मला. गेलेल्या माणसाचा राग कुठे काढायचा?

१९ जानेवारी

राँगनंबरही गप्प. दाणे टाकले की तिघी पायात येऊन कलकल करायच्या, आता नुसत्या टिपतात. त्यांनाही कळलंय. खोटं कशाला लिहू— बरं वाटलं. या घरात मी एकटाच नाही तर.

२३ जानेवारी

शेजारच्या मोठ्या बाईंशी वाजलं. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अजूनही सगळ्या गल्लीला वर्गात बसवतात. भिंतीवरून म्हणाल्या, "अहो, तुमच्या कोंबड्याला आवरा जरा. पहाटे साडेचारपासून डोकं उठवलंय माझं."

मी म्हटलं, "बाई, तो आता आरवतच नाही फारसा. आरवला तरी घसा बसल्यासारखा."

"आरवत नाही? मग काय मी आरवते?"

ही असती तर पोट धरून हसली असती. मला नाही हसू आलं. मी पहाटे चारपासून जागा असतो. आवाज असता तर मला ऐकू नसता आला? चाळीस वर्षं छापखान्यात मशीनसमोर उभा होतो, एखादं चाक किंचित घासलं तरी मला आधी कळायचं. घरात माणूस गेलंय, निदान यावर्षी तरी खोट्या तक्रारी सोडाव्यात!

३० जानेवारी

आज अंगावर काटा आला. अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. कोंबड्या मातीत लोळत होत्या. एकदम सुपरवायझरने मान वाकडी करून एक डोळा आभाळाकडे लावला. त्या क्षणी तिघी उठल्या आणि झुडपाखाली दडल्या. वर बघतो तर घार! दोन गिरक्या घेतल्या आणि गेली.

हे सगळं बिनआवाज! कोणी कोणाला काही सांगितलं नाही. वही काढून बघितलं. हिने लिहिलंय— "वर घार असली की लांब, बारीक ईऽऽऽ. जमिनीवर मांजर-कुत्रं असलं की कट-कट-कटाक. दोन्ही वेगळे. पहिल्याला लपायचं, दुसऱ्याला उंच चढायचं." मग आज त्याने ईऽऽऽ का केलं नाही? दुखवट्यात कोंबडे पहाऱ्याचा आवाजही टाकून देतात का?

त्याच पानावर खाली, दोन वर्षांपूर्वीची तारीख— "आज घार आली. हे तिथेच बसले होते. यांना ऐकू आलं नाही. लक्षच नसतं."

अर्धी वही चाळली. माझ्याबद्दल इतक्या पानांत आतापर्यंत एवढंच सापडलं.

२ फेब्रुवारी

डॉक्टर येऊन गेली. जुन्या जातींची नोंद ठेवणारी एक संस्था आहे, तिथली जनावरांची डॉक्टर, वर्षातून दोनदा येते. हिची तिच्याशी गट्टी होती. आमच्या कोंबड्या पायघोळ जातीच्या. राखी रंग, आणि पिसं थेट बोटांपर्यंत, पायजमा घातल्यासारखी. हिच्या वडिलांनी ही जात सांभाळली, हिने लग्नात टोपलीतून दोन कोंबड्या आणल्या. माझ्या आईने कपाळाला हात लावला होता! आता ही जात चारच घरी उरली आहे आणि त्यांतल्या तीन घरी भेसळ झाली आहे, असं डॉक्टर म्हणते.

मी म्हटलं, कोंबड्याचा घसा बघा. तिने चोच उघडून, बॅटरी लावून बघितला. "स्वच्छ आहे, काका." तेवढ्यात तो आरवला. माठात तोंड घालून आरवावं तसा. "छान खणखणीत आरवतोय की!" म्हणाली. हा खणखणीत? तुम्ही पूर्वी ऐकला नाहीत त्याला.

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मी मान डोलावली. या पोरी तोंडातल्या तोंडात बोलतात, परत परत कोण विचारणार?

जाताना मोठ्याने म्हणाली ते कळलं— एंगेज खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवा. कोंबडा नऊ वर्षांचा आहे, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही.

१४ फेब्रुवारी

एंगेज बसली! कालपासून उठायचं नाव नाही, हात नेला की फुगते. ट्रंककॉल आणि राँगनंबरची अकरा अंडी साठवली होती, ती तिच्याखाली सारली. चोचीने एकेक आत ओढून घेतलं. मोजलं असावं. हिच्यासारखीच, एक कमी पडलं तर उठून शोधेल.

एकवीस दिवस. पहिल्यांदाच हे काम माझ्याकडे आलंय. निभावलं नाही तर हिच्या माहेरची एवढी एक आठवणही माझ्या हातून जाईल.

१६ फेब्रुवारी

एंगेज अंड्यांशी बोलते! जाड, हळू आवाजात, कुक्, कुक्— हा मात्र मला स्पष्ट ऐकू येतो. वहीत आहे. "खुडूक कोंबडी पहिल्या दिवसापासून अंड्यांशी बोलते. उत्तर नसतं. तरी बोलते. विसाव्या दिवशी अंड्यातून उत्तर येतं."

मीही बोललो आज. स्वयंपाकघरात, भाजी चिरताना. सुरी बोथट झालीय, असं म्हटलं. हिला.

१८ फेब्रुवारी

सुपरवायझर गेला.

दुपारी जेवून आतल्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. बाहेर आलो तर अंगणभर राखी पिसं. कुत्रं शिरलं होतं, कुंपणाच्या खालून. ट्रंककॉल आणि राँगनंबर छपरावर चढून बसलेल्या, एंगेज खुराड्यात बसल्या जागी. तो दारात पडला होता. खुराड्याच्या दारात— म्हणजे जागा सोडली नाही त्याने.

मोठ्या बाई काठी घेऊन आल्या होत्या, त्यांनीच कुत्र्याला हाकललं. धापा टाकत होत्या. "किती वेळ बोंबलत होता बिचारा! मी हाका मारतेय, भिंत बडवतेय! तुम्ही होतात कुठे?"

घरातच होतो. दहा पावलांवर. दार लोटलेलं होतं, एवढंच. डोळा लागला असेल. पण पेपरची तीन पानं वाचल्याचं आठवतंय.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. याच बाई त्याला आवरा म्हणत होत्या.

१९ फेब्रुवारी

पहाटे चारला जाग. वाट बघत पडलो.

२१ फेब्रुवारी

सातवा दिवस. हिच्या पद्धतीने अंधाऱ्या कोठीत एकेक अंडं बॅटरीसमोर धरलं. अकराच्या अकरा! आत लाल बारीक शिरांचं जाळं आणि मध्ये एक ठिपका, नाचणारा. एवढं सुंदर काही मी चाळीस वर्षांत छापलं नाही.

डॉक्टरला कळवलं. कोंबडा गेल्याचंही. ती फोनवर अगदी सावकाश, एकेक शब्द तोडून बोलली. असं बोललं तर कसं नीट कळतं! "काका, आता सगळं त्या अकरांवर आहे. सांभाळा."

सांभाळतो. कुंपणाखाली विटा लावल्या.

२७ फेब्रुवारी

मुलगी नवा फोन पाठवते म्हणाली. हाही तसाच निघणार. ती म्हणते, कान दाखवा. म्हटलं, मशीन बिघडलं की माणसाला दाखवा म्हणतेस, उलटं आहे तुझं. ती रागावली बहुतेक. फोन ठेवला.

नंतर वाईट वाटलं. आई गेलेली पोर आहे.

४ मार्च

डॉक्टर डोकावून गेली, या बाजूला आली होती. एंगेजला बघून खूश. मी विसाव्या दिवसाचं सांगितलं— हिची पद्धत, संध्याकाळी अंडं कानाला लावायचं, बोलेल ते ठेवायचं, मुकं निघेल ते काढायचं. मुकं अंडं आत नासून फुटलं तर बाकीच्या पिल्लांना घाण लागते.

डॉक्टरने पुन्हा तसंच बघितलं माझ्याकडे. म्हणाली, "कानावर नका जाऊ, काका. भांड्यात कोमट पाणी घ्या, त्यात सोडा. जिवंत असलं की अंडं आपोआप डुलतं. डोळ्यांनी दिसतं." दोनदा सांगितलं.

तीन दिवस. मी एंगेजपेक्षा जास्त वेळ खुराड्यापाशी बसतो. ती बोलते, मी ऐकतो. या घरात पुन्हा चिवचिव होईल. ती झाली की मुलीला फोन लावून ऐकवीन. आईचा एवढा तरी आवाज तिला मिळेल.

६ मार्च

विसावा दिवस.

सकाळपासून वही तीनदा वाचली. "संध्याकाळी, उजेड असताना. अंडं कानाला लावावं, श्वास धरावा. आत चोच आपटते आणि बारीक चिवचिवतं." खाली वेगळ्या शाईने— "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं. यांना हाक मारली, अहो, ऐकलंत का! यांच्या कानाला अंडं लावलं. हे म्हणाले, हो हो, छान." आठवलं मला ते. ऐकू काही आलं नव्हतं. रात्रपाळीला जायची घाई होती, हो म्हणून टाकलं होतं.

आज घाई नव्हती. एंगेजला उचलून बाजूला ठेवलं, तिने बोट फोडलं. पहिलं अंडं कानाला लावलं. काही नाही. दुसरं. काही नाही. तिसऱ्याला वाटलं, गल्लीत कोणी बोलतंय म्हणून ऐकू येत नसेल— उठून फाटकापर्यंत जाऊन आलो, गल्ली रिकामी. चौथं, पाचवं. सहावं हातात थरथरल्यासारखं वाटलं. हात माझाच थरथरत होता, एकाहत्तर वर्षांचा हात. कानाला घट्ट दाबून धरलं. काही नाही. अकराच्या अकरा मुकी. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उजवा कान, मग डावा.

पाण्याचं भांडं भरून ठेवलं होतं, डॉक्टरने सांगितलं म्हणून. हात घालून बघितला, कोमट होतं. मग वाटलं— हिने कधी अंडं पाण्यात सोडलं नाही. हिच्या कोंबड्या, हिची अंडी. निदान हे एक तरी हिच्या पद्धतीने, शेवटपर्यंत. हिचं कधी ऐकलं नाही ते आता तरी ऐकावं. पाणी ओतून दिलं.

दहा अंडी टोपलीत घेतली. एक ठेवलं एंगेजखाली, तिला एकदम रिकामं वाटू नये म्हणून. लिंबाच्या झाडाखाली खोल खड्डा केला, कुत्रं उकरू नये इतका. माती लोटताना बघतो तर एंगेज मागोमाग आलेली. खुडूक कोंबडी अंडं सोडून उठत नाही, ती उठून आली होती, पायातली पिसं मातीत ओढत. खड्ड्यापाशी उभी राहिली आणि मातीशी बोलायला लागली. तोच जाड आवाज, कुक्, कुक्. मी म्हटलं, "बये, गप्प बस. उत्तर नाही येणार. मला विचार." उचलून परत नेऊन बसवली.

मग तिथेच खाली बसून रडलो. महिनेच्या महिने आलं नव्हतं ते सगळं आलं. हिचं जे उरलं होतं ते सगळं मुकंच निघालं.

डॉक्टरला काय तोंडाने सांगू?

७ मार्च

एंगेजच्या पंखाखालून सकाळी एक डोकं बाहेर आलं. ओलं, राखी, पायांना आत्ताच पिसं.

चोच उघडतं, मिटतं, उघडतं. सगळा गळा हलतो. एंगेज वाकून उत्तर देते. तळहातावर घेऊन कानाला लावलं. चोच कानात टोचली. आवाज नाही.

मोठ्या बाई भिंतीपाशी आल्या. "स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतंय हो! किती निघाली?"

म्हटलं, एक.

कोणी गप्प झालं नव्हतं. ट्रंककॉल नाही, सुपरवायझर नाही. लिंबाखालची दहाही मुकी नसतील.

दवाखान्यात हिचे ओठ हलत होते, आणि नर्स रडली होती. तिने ऐकलं होतं.

नर्सला शोधायला निघालोय. ती सांगेल ते मला ऐकू येणार नाही. वही पुढे करीन. म्हणेन, इथे लिहून द्या.